तिसरं कुंड

ऑफिस सुटल्यावर प्रबोध शेळगावकरनं सिंगापूरच्या रॅफल्स प्लेसमधल्या दुकानातून स्लाइड्सची डबी घेतली, आणि घरी जाऊन चहा घेत निवांत बघायच्या असं ठरवूनही त्याला काही धीर निघाला नाही. गाडीत माणसं खच्चून आणि उजेड तो ट्यूबलाइटचा; त्यात काही दिसेना. बेडोकला उतरल्यावर मात्र तो फलाटाच्या टोकाला गेला, मावळतीकडे तोंड केलं आणि एकेक स्लाइड चिमटीत धरून डोळ्यापुढे नेऊ लागला. बर्फाचा डोंगर, कौलारू छपरांची दाटी, गल्लीतून वाहणारं पाणी, त्यावरचे दगडी पूल, पाठीवर मेंढीचं कातडं बांधलेल्या बायका. डिसेंबरच्या सुटीत तो, बायको आणि मुलगी असे तिघं चीनमधल्या लिजियांगला जाऊन आले त्याची ही सगळी कमाई. पहिल्या तेवीस त्यानंच काढलेल्या होत्या. चोविसावी त्यानं काढलेली नव्हती. कशी काढणार, तोच तिच्यात होता. दगडी पायरीवर उकिडवा, पाठ कॅमेऱ्याकडे, हातात प्लॅस्टिकची बाटली, आणि बाटलीचं तोंड सगळ्यांत खालच्या कुंडात बुडवलेलं. वरची दोन्ही कुंडं मोकळी होती. एक माणूस नाही, एक बादली नाही. डबी त्याच्या हातातून सुटता सुटता राहिली. मागून येणाऱ्या एका चिनी आजोबांनी काय झालं म्हणून थांबून पाहिलं, तर हा ओशाळं हसला आणि सरकत्या जिन्याकडे चालू लागला.

आता यात दचकण्यासारखं काय होतं म्हणाल, तर काहीच नव्हतं. परदेशात माणसं चुकतात. काटेचमचे चुकतात, बस चुकतात, पुरुषांच्या दाराऐवजी बायकांच्या दारात शिरतात, आणि मग घरी येऊन तेच किस्से मीठमसाला लावून सांगतात. प्रबोधनंही हा किस्सा सांगितला होता. ऑफिसात सांगितला, खालच्या हॉकर सेंटरमध्ये कॉफी पिता पिता सांगितला, फोनवर मनोहर देवस्थळींना सांगितला. त्या गावात म्हणे एकाच झऱ्याची तीन कुंडं असतात, एकाखाली एक. पहिल्यातलं पाणी प्यायचं, दुसऱ्यात भाजी धुवायची, तिसऱ्यात कपडे. आणि आमची स्वारी गेली ती थेट धुण्याच्या कुंडावर. लोक हसायचे. मग कुणीतरी विचारायचंच, की बाबा, तिसऱ्यावर का गेलास? त्याचं उत्तर त्यानं पहिल्या दिवशीच तयार करून ठेवलं होतं: वर गर्दी होती. तीन शब्द. सात आठवडे ते बिनतक्रार चालले. आणि आता हातात ही स्लाइड होती, आणि हिच्यात गर्दी नव्हती.

मनोहर देवस्थळी म्हणजे जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणून पंचवीस वर्षं काढून आता किनाऱ्यावर स्थिरावलेला माणूस. बुकित तिमाहला त्यांचा कॉन्डो, आणि सिंगापुरातल्या पंधरा-वीस मराठी घरांचं जे काय जमणं-मिळणं असे, ते बहुतेक त्यांच्या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये. सव्वीस जानेवारीला रविवार आला होता. झेंडावंदन सकाळी ज्याचं त्यानं करावं, दुपारी चारला सगळ्यांनी जमावं, आणि शेळगावकरांनी लिजियांगच्या स्लाइड्स दाखवाव्यात असा त्यांनी परस्पर हुकूम काढला होता. प्रबोधलाही आतून बरं वाटलं होतं. सात वर्षांत या मंडळींपुढे तो कधी उभा राहिला नव्हता. खुर्च्या मांडायला, प्लेटा गोळा करायला, कुणाला विमानतळावर सोडायला तो पहिला असे. पण उभं राहून बोलायचं म्हटलं की त्याला काही ना काही काम निघायचं.

लिजियांगमध्ये मात्र तो पहिल्या दिवसापासून मोकळा झाला होता. तिथं कुणाला त्याचं आडनाव उच्चारता येत नव्हतं आणि आल्यानं काही कळणार नव्हतं. भूकंप होऊन दहाच महिने झाले होते. जुन्या काळ्या लाकडात मधेच नवा पिवळा खांब दिसायचा, रंधा मारल्याचा वास गल्लीगल्लीत होता, आणि माणसं मात्र असं वागत होती की घर पडतं, मग आपण ते उभारतो, त्यात सांगण्यासारखं काय. ते उतरले होते त्या घराची मालकीणबाई निवृत्त शिक्षिका होती, नाशी जमातीची, रेडिओ ऐकून ऐकून इंग्रजी शिकलेली. तिनं पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं की नकाशा ठेवून द्या, इथं पाण्याला विचारायचं. पाण्याबरोबर चाललात की गावात शिरता, पाण्याच्या उलट चाललात की गावाबाहेर पडता. झालं. तीन दिवस ते पाण्याबरोबर भटकले. घरापुढून ओहोळ, घराखालून ओहोळ, दाराशी दोन फळ्यांचा पूल आणि पुलावर कोबी वाळत घातलेला. सकाळी वल्लरी गरम गरम जाड भाकरीसारखा बाबा नावाचा पदार्थ खात चालायची आणि ‘आय ॲम ईटिंग बाबा’ म्हणून बापाला चिडवायची. संध्याकाळी बाजारचौकात कडेच्या ओढ्याला फळ्या लावत. पाणी तुंबून चौकभर पसरे आणि दिवसभराचा पालापाचोळा, शेंगांची टरफलं, सगळं धुऊन खालच्या गल्लीनं निघून जाई. ते बघायला प्रबोध तिन्ही संध्याकाळी गेला. एका म्हाताऱ्या दोंगबा पुजाऱ्याकडून त्यांनी लाकडी पाटी घेतली. त्या लोकांची लिपीच चित्रांची, म्हणून पाटीवर डोंगर होता, पाणी होतं, हात वर केलेला माणूस होता. आणि एका रात्री त्यांनी म्हाताऱ्यांचा वाद्यवृंद ऐकला. पांढऱ्या दाढ्या, काहींचे डोळे मिटलेले, वर भिंतीवर वारलेल्या वादकांचे फोटो ओळीनं. मालकीणबाई हळूच सांगत होती की सांस्कृतिक क्रांतीच्या वाईट वर्षांत ही वाद्यं भिंतीत चिणून, जमिनीखाली पुरून ठेवली होती, नाहीतर फोडली गेली असती. ते ऐकून स्मितानं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं होतं. तो समोर बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी स्मिताचं डोकं चढलं. गाव उंचावर, हवा विरळ. ती एका पायरीवर बसली, कॅमेरा तिच्या गळ्यात, आणि म्हणाली पाणी बघ कुठं मिळतं का. तिथून दिसणाऱ्या गल्लीच्या वळणावरच झरा होता. पहिल्या कुंडावर दोघी बायका घागरी भरत होत्या. प्रबोध थांबला. दहा पावलं अलीकडे, भिंतीला लागून, हात मागे बांधून. त्याला आठवतंय तसं तो थांबलाय हेही त्याच्या लक्षात आलं नव्हतं. बायका भरून गेल्या. मग तो पुढे झाला, पहिलं कुंड ओलांडलं, दुसरं ओलांडलं, तिसऱ्याच्या पायऱ्या उतरला आणि बाटली बुडवली. दुपारची वेळ, कुणी धुणं धूत नव्हतं, पाणी दिसायला तिन्हीकडे सारखंच होतं. एक घोट घेतला असेल नसेल तोच मागच्या दारातून ओरडत एक म्हातारी धावत आली, निळा फडका बांधलेली, पाठीवर त्या कातड्यावर सात गोल ठिपके शिवलेले. तिनं बाटली हिसकावली, पाणी ओतून टाकलं, आणि त्याचं मनगट धरलं. असं घट्ट धरलं की त्याला हिसडा देता येईना. आणि त्याला ओढत ओढत वर नेलं, पहिल्या कुंडापाशी बसवलं, तिथं ठेवलेला डाव भरून त्याच्या ओंजळीत ओतला आणि हसायला लागली. पाणी इतकं गार होतं की दात ठणकले. ती बोलत राहिली, तो पीत राहिला. संध्याकाळी त्यानं मालकीणबाईला विचारलं. तिनं तीन कुंडांचं तीन वाक्यांत सांगितलं. मग त्यानं फार सांभाळून, इंग्रजी शब्द निवडून निवडून विचारलं, की पहिल्या कुंडावर कोण जाऊ शकतं. बाईला प्रश्नच कळला नाही. तिनं तो दोनदा विचारायला लावला आणि मग अगदी शाळेतल्या मठ्ठ मुलाला सांगावं तसं सांगितलं.

‘‘कोण म्हणजे? ज्याला तहान लागली तो.’’

त्या रात्री त्याला ते मनगट झोपू देईना. कारण तसंच मनगट आधी एकदा धरलं गेलं होतं. तो सात वर्षांचा होता. शेळगावचा ओढा फार मोठा नव्हता. गुडघाभर पाणी, उन्हाळ्यात तेवढंही नाही. पण त्याची वाटणी झालेली होती. वरच्या अंगाला गाव पाणी भरायचं. मधे गुरं उतरायची. आणि गुरांच्याही खाली, जिथं पाणी शेवाळ घेऊन यायचं, तिथं ह्यांची वस्ती. महारवाडा म्हणायचे तिला. शाळेतून येताना एकदा त्याला इतकी तहान लागली की तो वरच्या अंगालाच वाकला. ओंजळ तोंडाशी नेली तोच आई कुठूनशी धावत आली, त्याचं मनगट पकडलं, आणि काट्याकुट्यातून, दगडधोंड्यातून त्याला खेचत खाली आणलं. खाली आणून दोन थोबाडीत ठेवून दिल्या. मग मागे वळून बघत राहिली, कुणी पाहिलं तर नाही ना. कुणी पाहिलं नव्हतं. तरी तिचे हात थरथरत होते, आणि मग तिनं त्याच हातांनी खालचं पाणी भरून त्याला पाजलं, पदरानं तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाली, आपलं इथं असतं रे. बापानं पुढं सोलापुरात नोकरी धरली, गाव सुटलं, आडनाव बदललं, ओढा काही पुन्हा दिसला नाही. प्रबोध शिकला, इंजिनिअर झाला, पुण्यात भाड्यानं फ्लॅट घेतला, एम्प्लॉयमेंट पास घेऊन विमानात बसला. आणि चाळिसाव्या वर्षी, जिथं त्याला कुत्रं ओळखत नव्हतं अशा गावात, त्याचे पाय त्याला न विचारता खालच्या अंगाला गेले. ह्याचं काय करायचं? राग कुणावर काढायचा? त्या पायांवर?

घरी आला तेव्हा वल्लरी जेवणाच्या टेबलावर कागदाच्या पट्ट्यांवर रंगीत पेनानं मथळे लिहीत होती. अकरा वर्षांची, बेडोकच्या शाळेत जाणारी. बोलायला लागली की मराठी, इंग्रजी आणि सिंगापूर एका दमात बाहेर. रविवारी प्रोजेक्टर तीच चालवणार होती, त्यामुळे स्वतःला कार्यक्रमाची मालकीण समजत होती. तिनं डबी ओढून घेतली, एकेक स्लाइड दिव्यापुढे धरली, आणि चोविसावीशी थांबली. प्रबोध बुटांची नाडी सोडत होता. ती नाडी त्यानं पुष्कळ वेळ सोडली.

‘‘बाबा, टॉप वन इज एम्प्टी, व्हॉट,’’ ती म्हणाली. ‘‘तू खाली का गेलास?’’

वर गर्दी होती, हे त्याच्या जिभेवर आलं आणि तिथंच अडकलं. पोरीच्या हातात पुरावा होता. अगं, घाईत होतो, मम्मीचं डोकं दुखत होतं, असं काहीतरी पुटपुटून तो हातपाय धुवायला गेला. स्मिता ओट्याशी पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज तेवढा वेळ थांबला होता. ही आणखी एक गोष्ट. ती स्लाइड काढली कुणी? स्मिता मुंबईत वाढलेली, वरळीच्या चाळीतली. तिच्या बापाच्या घरात दारातून आत आलं की समोर बाबासाहेबांचा फोटो, रोज ताजा हार, येणाऱ्या-जाणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं. लग्नात तिनं तसाच फोटो बरोबर आणला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो हॉलमध्ये लागला आणि दोन महिन्यांत घरमालकाच्या चेहऱ्यावर असं काही आलं की प्रबोधनं तो आतल्या खोलीत नेला. सिंगापुरात आल्यावर तो कपाटात गेला. चौदा एप्रिलला बाहेर निघायचा, फूल वाहायचं, मेणबत्ती, आणि संध्याकाळी पुन्हा साड्यांच्या मागे. वल्लरी चार वर्षांची असताना तिनं चष्मा-सूटातल्या त्या माणसाकडे बोट करून विचारलं होतं की हे तुझे आजोबा का. प्रबोध म्हणाला होता, असंच काहीसं. तेव्हापासून घरात ते ‘कबर्डवाले पणजोबा’ झाले होते. पोर त्यांना परीक्षेच्या आधी गुड मॉर्निंग करून जायची. स्मिताला ते ऐकून एकदा हसू आलं, एकदा रडू आलं, आणि मग तिनं त्याला सांगून टाकलं की मी तिला काही सांगणार नाही, हे तुझं काम आहे, तू कर. त्यालाही सात वर्षं झाली.

आणि मंडळी तशी वाईट होती का? मुळीच नव्हती. स्मिताला विषमज्वर झाला तेव्हा अरुणा देवस्थळी महिनाभर डबे घेऊन बुकित तिमाहहून बेडोकला आली होती, दोन बस बदलून. पण बोलता बोलता कुणीतरी म्हणायचंच, शेळगावकर म्हणजे नेमके कुठले हो? कुलदैवत कोणतं तुमचं? प्रश्न साधा असे, हातात बटाटेवडा असे, विचारणाऱ्याच्या मनात कदाचित काहीसुद्धा नसे. प्रबोध म्हणायचा, आमच्याकडे देवाधर्माचं फारसं नाही, आणि वडा उचलायला निघून जायचा. गर्दीतून वाट काढत निघून जायची एक कला असते. ती त्याला छान जमायची. आता जर पोरीनं सगळ्यांसमोर तोच प्रश्न विचारला तर? आणि न विचारताच सोडून दिला तर? ते तर त्याला जास्तच वाईट वाटू लागलं. कारण आज ती विचारतेय. उद्या विचारणार नाही. परवा तिला कुणी कुलदैवत विचारेल आणि तीही काही न कळता वडा उचलायला जाईल.

तो आठवडा त्याचा ऑफिसात असाच गेला. त्याचं काम सध्या एकच होतं: शिपिंग कंपनीचे जुने प्रोग्रॅम उघडायचे आणि कुठं कुठं साल दोनच आकड्यांत लिहिलंय ते शोधून काढायचं, म्हणजे दोन हजार साल उजाडल्यावर यंत्रानं एकोणीसशे समजू नये. ज्यानं लिहिलं तो माणूस कधीच निवृत्त झालेला, सांगायला कुणी नाही, आणि ते वाक्य मात्र आत कुठंतरी बसून रोज चालतंय. शुक्रवारी दुपारी पडद्याकडे बघता बघता त्याला एकदम आईचे ते थरथरणारे हात दिसले, आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की थोबाडीत मारताना ती त्याच्यावर चिडली नव्हती, भ्याली होती. तेहतीस वर्षं तो तिच्यावर एका चुकीच्या गोष्टीसाठी रुसून बसला होता. ती जाऊनही नऊ वर्षं झाली. तो बाथरूममध्ये गेला, नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिला. शनिवारी त्यानं गुपचूप चोविसावी स्लाइड डबीतून काढून शर्टाच्या खिशात टाकली. रविवारी सकाळी शर्ट घालताना खिसा रिकामा होता. स्मिता आरशासमोर केस विंचरत होती.

‘‘ती स्लाइड मी प्रोजेक्टरच्या थाळीत लावलीये,’’ ती आरशातूनच म्हणाली. ‘‘तू तिथं दहा पावलं मागे उभा राहिलास ना, तेव्हाच मला कळलं होतं. म्हणून फोटो काढला. माझ्या बाबांनी हे नुसतं सांगितलं होतं, मी कधी बघितलं नव्हतं.’’

त्याला राग यायला हवा होता. आला नाही. इतकी वर्षं हे ओझं आपण एकटेच वाहतोय असा त्याला एक प्रकारचा माज होता, तो तेवढा खाली बसला. बुकित तिमाहला बसनं जाताना तो खिडकीतून ओली झाडं बघत बसला, आणि वल्लरी मांडीवर प्रोजेक्टरची गोल थाळी घेऊन, कुणी धक्का दिला की ‘केअरफुल लाह’ म्हणत होती.

हॉलचे पडदे ओढलेले, खुर्च्या मांडलेल्या, मागच्या टेबलावर साबुदाणा वडे झाकून ठेवलेले. तीस-पस्तीस माणसं होती. सुरुवातीला प्रबोधचा आवाज त्याचा त्यालाच परका वाटला, मग सुटला. पाण्याला विचारत चालायची गोष्ट लोकांना आवडली. चौक धुतात ते ऐकून एका आजींनी टाळी वाजवली. नाशी बायकांच्या पाठीवरचे सात ठिपके म्हणजे सात तारे, पहाटे चांदण्या असताना घराबाहेर पडणाऱ्या आणि चांदण्या उगवल्यावर परतणाऱ्या बायका त्या, असं तो म्हणाला तेव्हा बायकांच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि पुरुष काय करतात? पुरुष वाद्यं वाजवतात, असं सांगताच जो हशा पिकला तो थांबेना. तेवीस. खट्. चोविसावी पडद्यावर आली. खोलीतल्या माणसांपेक्षा मोठा प्रबोध, पाठमोरा, उकिडवा. देवस्थळींना किस्सा ठाऊक होता. ते पुढच्या रांगेतून हसत म्हणाले की हेच ते धुण्याचं पाणी प्यायले आमचे शेळगावकर. सगळे हसले. आता पुढची स्लाइड म्हणायचं, की झालं. त्यानं तोंड उघडलं. आणि अंधारातून, प्रोजेक्टरच्या मागून, तोच आवाज आला, खोड काढणारा नव्हे, खरंच जाणून घ्यायचं असलेला.

‘‘पण बाबा, वर कोणीच नव्हतं. मग खाली का?’’

पंखा फिरत होता. प्रोजेक्टरचा गरम वास येत होता. त्याला तहान लागली होती, आणि मनगटावर आत्ता, या क्षणी, दोन बायकांची बोटं होती. एक खाली ओढत होती, एक वर. तो पडद्याकडे वळला आणि पडद्यालाच सांगावं तसं बोलू लागला.

‘‘वर गर्दी नव्हती. मी ते खोटं सांगत होतो. मी लहान असताना आमच्या गावच्या ओढ्यावर आम्हाला सगळ्यांत खाली पाणी भरावं लागायचं, गुरांच्याही खाली. आमची वस्ती महारवाड्यातली. मला वाटलं, तीन कुंडं म्हणजे तीन प्रकारच्या माणसांची. म्हणून मी माझ्या कुंडावर गेलो.’’

मग त्यानं म्हातारीचं सांगितलं, मनगटाचं, गार पाण्याचं. आणि मालकीणबाईचं वाक्य सांगितलं. ते सांगताना त्याचा आवाज फुटला, आणि त्यानं तो फुटू दिला. पुढची, एवढंच म्हणाला. खट्. पंचविसावीत बर्फाचा डोंगर होता, आणि तो डोंगराबद्दल बोलत राहिला, नदी कुठून येते, किती मैल जाते, कुणी ऐकत होतं की नाही कुणास ठाऊक. दिवे लागले. मग खुर्च्या सरकल्या, वड्यांकडे माणसं वळली. एक जोडपं मुलाची शिकवणी आठवून लगबगीनं निघालं. आजी जवळ आल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या. अरुणानं स्मिताला जवळ ओढलं आणि एवढी वर्षं बोलली नाहीस गं, असं म्हणून तिच्यावरच रागावली. मनोहर देवस्थळी मात्र बराच वेळ प्रोजेक्टरची वायर गुंडाळत राहिले, गुंडाळलेली सोडून पुन्हा गुंडाळत. शेवटी वायर हातात तशीच धरून ते त्याच्यापाशी आले.

‘‘आमच्या गावात नदीवर आम्ही वरच्या अंगाला होतो,’’ ते म्हणाले. ‘‘खाली कोण भरतं, हे मी कधी वळूनसुद्धा पाहिलं नाही, प्रबोध.’’

सात वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदा नावानं हाक मारली होती. दोघांनी मिळून पडद्याची घडी घातली.

परतीच्या बसमध्ये वल्लरी गप्प होती, आणि वल्लरी गप्प असणं ही त्या घरात आजारपणाचीच खूण. लोकांचं काय, लोक सावरतील नाहीतर जातील. पण या पोरीच्या डोळ्यात आज बाप लहान झाला असेल तर ते कशानं भरून निघणार होतं? बेडोकला उतरल्यावर, ब्लॉकच्या खाली लिफ्टची वाट बघताना, तिनं बोलायला सुरुवात केली.

‘‘सो कबर्डवाले पणजोबा तुझे आजोबा नाहीत.’’

नाहीत, तो म्हणाला.

‘‘पण तू म्हणालास, असंच काहीसं.’’

ते खोटं नव्हतं, तो म्हणाला. आमच्यात त्यांना बाबासाहेब म्हणतात. आणि लिफ्ट येईपर्यंत, लिफ्टमध्ये, आणि लिफ्ट नवव्या मजल्यावर थांबून दार मिटू लागलं तरी पाय मधे घालून तो सांगत राहिला. तिनं मधे दोनदा ‘देन?’ विचारलं आणि एकदा, आजीनं तुला मारलं ते रॉंग होतं पण आय थिंक शी वॉज सो स्केअर्ड, असं म्हणाली. त्याला जे कळायला तेहतीस वर्षं लागली, ते पोरीनं बसच्या प्रवासात उरकलं होतं.

घरात शिरल्यावर तिनं चपला भिरकावल्या, तडक आतल्या खोलीत गेली आणि साड्यांच्या मागून फोटो काढून आणला. हॉलच्या भिंती सिमेंटच्या, खिळा ठोकायचा तर ड्रिलवाला बोलवावा लागतो. त्यामुळे सगळ्या घरात खिळा एकच, आणि त्यावर लिजियांगची ती लाकडी पाटी. वल्लरीनं जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, वर चढली, पाटी काढून आईच्या हातात दिली. ही शेल्फवर ठेव, म्हणाली, ही कुठंही छान दिसते. मग फोटोची मागची दोरी खिळ्यात अडकवायला ती टाचा उंच करू लागली. काचेवर धूळ नव्हती. स्मिता ती वर्षभर पुसत असली पाहिजे, कपाटातल्या कपाटात. खुर्चीचा एक पाय आखूड होता, म्हणून प्रबोधनं दोन्ही हातांनी ती धरून ठेवली. उघड्या दारातून शेजारच्या मिसेस टॅन कपडे वाळत घालता घालता आत बघत होत्या. त्यानं दार लोटलं नाही.

‘‘बाबा, इथं ओके?’’ वल्लरीनं मागे न बघता विचारलं.

त्यानं मान वर केली आणि नीट पाहिलं. दोरी ओघळली होती, फोटो जरा खाली आला होता.

‘‘अजून थोडा वर घे,’’ तो म्हणाला.